शांतिशिल्पाचा लाल तळवा

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. दोन्ही आळ्यांची माणसं शांतिशिल्पाभोवती टाचा उंचावून उभी होती. दंगलीनंतर दोन्हीकडच्या बायकांनी घरोघरची पितळी भांडी गोळा करून ते ओतवून घेतलं होतं: एकच घागर उचलणाऱ्या दोघीजणी, एकीचा मोकळा तळवा पुढे केलेला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई वरच्या आळीतल्या, त्यांची मैत्रीण शिंपीण खालच्या आळीतली. भांडी मागत दारोदार दोघीच फिरल्या होत्या.

आज तिथे मौनीबाबा उभे होते. नाव मौनी, पण तोंडाची टकळी काही थांबत नव्हती.

"दंगलीत ज्यानं आग लावली, त्याचा हात ही मूर्ती लाल करील! पितळ बोलेल, पाप तोलेल! हात धुवा, तळव्याला लावा!"

हातांवर पाणी घालायला बाईंचा सख्खा थोरला भाऊ होता. बांधकामाचा ठेकेदार, दंगलीत त्याचं गोदाम जळालं होतं. वरच्या आळीतल्या काहींनी हात लावले. स्वच्छ! मग शिंपीण पुढे आली. दादानं तांब्या बदलला. तिनं तळव्याला हात लावला आणि काढला तो लालभडक.

"हीच ती!" कुणीतरी ओरडलं. कालपर्यंत तिच्याकडून झबली शिवून घेणाऱ्या बायका मागे सरकल्या. एकानं वाकून दगड उचलला.

बाई गर्दीतून घुसल्या नि त्यांनी मैत्रिणीचा हात घट्ट धरला. तो निसटला. बुळबुळीत.

"साबण लावलास?"

"नाही गं. तुझ्या दादांनी घातलं तेवढंच पाणी."

बाईंनी बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. पाण्यात धुण्याचा सोडा होता. आणि तळव्याला काय फासलंय, तेही त्यांना उमगलं. "काँक्रीट तपासायचंय, तुझ्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन दे," असं दादा परवा म्हणाला होता. बाटली त्यांनीच दिली होती.

त्यांनी तांब्या हिसकावला, स्वतःच्या हातावर ओतला, तळव्याला लावला. लाल!

"आग मीही लावली का?"

"पापिणीला शिवलीस, पाप चिकटलं!" बाबा गरजले.

"मग तुम्ही लावा."

बाबा मागे सरले, पण मागे गर्दी होती. दोघांनी त्यांचा हात धरून भिजवला, तळव्यावर टेकवला. बाबाही लाल! आता मात्र ते खरोखरच मौनी झाले.

बाईंनी फळवाल्याकडून लिंबू घेऊन शिंपिणीच्या हातावर पिळलं. रंग उडून गेला.

"पाप लिंबानं जातं का? हे औषध सोड्यानं लाल होतं, आंबटानं विरतं. सातवीतली पोरं करतात हा प्रयोग." मग त्या भावाकडे वळल्या. "दादा, का रे?"

"माझं गोदाम जळलं. कुणीतरी भोगायला नको?"

"पण हिनं काय केलं?"

"खालच्या आळीतली आहे ना? पुरे तेवढं."

शिंपीण हळूच म्हणाली, "रंग गेला गं. पण मघाशी सगळ्यांच्या डोळ्यांत दिसलं ते कशानं जाईल?" आणि एकटीच घराकडे निघाली. दगडवाल्यानं दगड टाकला, मान खाली घातली.

बाई चौथऱ्यावर चढल्या. डोळे वाहत होते, तरी आवाज खणखणीत होता.

"आग कुणी लावली ते शोधायचंच आहे. पण साक्षीनं, पुराव्यानं. पितळेला पाप कळत नाही. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर दगड उचलण्याआधी एवढंच विचारा, पाणी कोण घालतंय?"