पहाटेपुरते अश्रू

छप्पन सालच्या डिसेंबरात अख्खं गिरगाव संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवत होतं, आणि खोताच्या वाडीत क्रुसाच्या ओट्यावर मारियामाता रडत होती. मूर्ती प्लास्टरची, ब्रदर आंब्रोज नावाच्या पाहुण्यानं आणलेली. उजाडायच्या आत माणसं मेणबत्त्या घेऊन हजर व्हायची. मेणबत्ती ब्रदरकडूनच घ्यायची. बाजारातल्या मेणबत्तीचा उजेड मातेला म्हणे सोसत नसे. ज्योती पेटल्या, ऊद धुमसला, प्रार्थना रंगात आली की मूर्तीच्या डोळ्यांतून थेंब ओघळायचा. ब्रदर तो कापसावर टिपून एकेकाच्या कपाळाला लावी.

"गेलं पाप," तो सांगे. "आता उपास नको, पापनिवेदन नको, कुणाची माफी मागणं नको. नाताळची तयारी झाली."

एवढी सोय कोण सोडणार? शेजारच्या चाळीतल्या जाईबाईंनी मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून मेणबत्ती लावली, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मिळू नये म्हणून. मातेनं ऐकलं, असं ब्रदरनं दोघांनाही कळवलं.

रेजिना शाळेत शास्त्र शिकवायची. तिला आधी या सगळ्याचं हसू आलं. राग आला तो घरात. तिची आई फिलूबाई आणि समोरच्या घरात राहणारी मावशी इझाबेल, या सख्ख्या बहिणींनी वडिलांच्या घराच्या वाटणीपासून एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. मावशी आता अंगावर सूज येऊन अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. नाताळच्या आधीच्या या आठवड्यांत फादर प्रवचनातून सांगत होते, की बाळ येशूचा गोठा सजवण्याआधी मन झाडून घ्या, तुटलेली नाती जोडा. ते ऐकून फिलूबाई जायला जवळजवळ तयार झाली होती. तेवढ्यात तिच्या कपाळाला थेंब लागला.

"आता कशाला जाऊ?" ती म्हणाली. "माझं पाप धुतलं. तिचं तिनं बघावं."

दुसऱ्या दिवशी पहाटे रेजिना आईबरोबर ओट्यापाशी गेली. माता दुपारी का रडत नाही, असं तिनं ब्रदरला सरळ विचारलं. दुपारी लोकांची श्रद्धा पेंगते, असं उत्तर मिळालं. मग आज प्रार्थना मेणबत्त्यांशिवाय करू, असं तिनं सुचवलं. ब्रदर गडबडला. उजेड नसेल तर माता आपल्या लेकरांना ओळखणार कशी, म्हणाला.

"अंधारात लेकरू ओळखत नाही, ती आई कसली?" रेजिना म्हणाली.

जाईबाईंना हसू फुटलं आणि लोकांनी काड्यापेट्या खिशात ठेवल्या. प्रार्थना झाली, पुन्हा झाली, घसे बसले. माता कोरडीच. गर्दीत कुणीतरी नास्तिक आहे, असं ब्रदरनं जाहीर केलं. रेजिनानं अंबाड्यातला आकडा काढला, मूर्तीच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा कण उकरला आणि आईच्या तळहातावर ठेवला. हाताच्या उबेनं तो विरघळला. फिलूबाईनं हात नाकाशी नेला. आज वास दडवायला उदाचा धूर नव्हता.

"खोबरेल," ती हळूच म्हणाली.

बाकीचं रेजिनानं समजावलं. थंडीत खोबरेल थिजतं, हे काय कुणाला नव्यानं सांगायचं? थिजलेलं तेल मूर्तीच्या डोळ्यांत भरायचं, समोर मेणबत्त्यांची रांग लावायची, की आचेनं ते पाझरतं. दुपारी ते आपोआपच वितळून गेलं असतं, म्हणून चमत्कार पहाटेचा. तिचं बोलणं संपेपर्यंत ब्रदरला वसईचं तातडीचं बोलावणं आठवलं होतं. मूर्ती टाकून तो गेला. उरलेल्या मेणबत्त्या मात्र विसरला नाही.

चारचौघांत शोभा केलीस, म्हणून फिलूबाई दिवसभर लेकीशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र ती समोरच्या घराची पायरी चढली. ती बहिणीच्या पायथ्याशी बसली आणि तिचे सुजलेले पाय चेपू लागली. इझाबेलनं पाय मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या सकाळी ओट्यापाशी काही माणसं हिरमुसून उभी होती. आता नाताळची तयारी करायची कशी, असं त्यांनी रेजिनाला विचारलं.

"ज्याला दुखावलंय त्याच्या दारात जा," ती म्हणाली. "लांबचा रस्ता आहे, पण दुसरा नाही. आणि पुन्हा कुणी मूर्ती रडवून दाखवली, तर गुडघे टेकण्याआधी जवळ जाऊन बघा. अक्कलही देवानंच दिलीय ना? ती वापरल्यानं तो रागावणार नाही."