हातिम दाजींचा चुकलेला डाव

सबरी एके काळी फुटबॉलचा बातमीदार होता, आणि काय लिहायचा म्हणता! हरलेल्या संघालाही वाचून बरं वाटायचं. युद्ध पेटलं, सरकारने त्याला उचलून बगदाद रेडिओवर बसवलं आणि गडी रोज विजय लिहू लागला. पगार दणदणीत; पण गल्लीत त्याच्या बातमीवर शेंबडं पोरही विश्वास ठेवेना.

शत्रूच्या बातम्यांना उत्तरं रचण्यासाठी त्याला कचेरीत त्यांचा रेडिओ ऐकावा लागे. इतरांनी ऐकला तर थेट तुरुंग. तिकडून युद्धकैद्यांची नावं वाचत. त्या दुपारी नाव आलं, गझवान हातिम, फदल मोहल्ला. अरे, हा तर बहिणीचा, बद्रियाचा मुलगा! कित्येक महिने आघाडीवरून पत्र नाही, बद्रियाने रडून डोळे सुजवलेले, आणि पोरगा जिवंत! सबरीला खुर्चीतच नाचावंसं वाटलं. पण सांगणार कसं? आपला शिपाई कैद होतच नाही, असं परवा त्यानेच लिहिलं होतं. कचेरीतलं बाहेर फुटलं की मान गेलीच.

रोजा सोडून संध्याकाळी गल्लीत अंगठीचा डाव बसला. रमजानात तो हवाच. एका बाजूने मुठी आवळून बसायचं, एकाच मुठीत अंगठी. समोरच्या म्होरक्याने नुसते चेहरे वाचून ती काढायची. म्होरक्या होता गझवानचा बाप हातिम. जन्मात न चुकलेला माणूस, पण काळजीने पार वाळलेला. सरकारचा खबऱ्या अबू राद भिंतीशी चहा भुरकत होताच.

हातिम सबरीपुढे थांबला. "काय मेव्हण्या? रेडिओवर थापा मारतोस, आता माझ्यापुढे मार बघू!"

"नीट बघा, दाजी. अगदी नीट बघा."

सबरीने चेहरा मोकळा सोडला. डोळे भरले, हसू काही आवरेना.

"याच्याकडेच!" हातिम ओरडला.

सबरीने मूठ उघडली. रिकामी! गल्लीत हलकल्लोळ माजला. हातिम मात्र त्या तळव्याकडे बघत राहिला. "काहीतरी लपवलंयस तू," तो पुटपुटला. "आणि ते चांगलं आहे."

"हरलात, दाजी! रीतीप्रमाणे मिठाई आणा. पहिला घास बद्रियाला भरवा. आणि गझवानचा वाटा बाजूला काढून ठेवा. येईल तेव्हा खाईल."

 हातिम तसाच अनवाणी घराकडे पळाला.

थोड्याच वेळात गच्चीवरून बद्रियाची ललकारी उठली, लग्नात बायका जीभ नाचवून घालतात तशी. सबरीने चोरून अबू रादकडे पाहिलं. ही बया सगळ्यांना फासावर चढवणार!

"हे काय?" अबू रादने पेला खाली ठेवला. "मुलाचा पत्ता नाही आणि आनंद कसला?"

सबरी टुणकन बाकावर चढला. "विजय, बंधूंनो! आघाडीवर मोठा विजय! उद्या सकाळी ऐकालच, मीच लिहिणार आहे. माझ्या बहिणीला तेवढं आधी कळलं!"

आता विजयाला नाही कोण म्हणणार? अबू राद सगळ्यात आधी टाळ्या पिटू लागला. गल्लीने फक्त हातिमच्या दाराकडे पाहिलं. जिलब्यांची परात डोक्यावर घेऊन तो रडत, हसत येत होता. मग गल्लीनेही टाळ्यांचा पाऊस पाडला. सबरीच्या बातमीवर तिने पहिल्यांदाच विश्वास ठेवला होता.