तिसऱ्या लेव्हलचं वाक्य

माझ्या क्लासचा नियम सरळ आहे. वाक्य खोटं असलं तरी चालेल, चुकीचं नको. शाळेतून निवृत्त झाल्यापासून शहाड स्टेशनसमोर बायकांना इंग्रजी शिकवतेय. खरं-खोटं तपासत बसले असते तर एकीचीही पहिली लेव्हल संपली नसती.

शेवंती आंबिवलीहून यायची. नवरा नाही, एकुलता एक सुशांत मालवाहू जहाजावर. कंपनीत फोन केला की पलीकडचा इंग्रजीच झाडतो, म्हणून पन्नाशीला हा खटाटोप. पहिल्या लेव्हलला ‘सिमिलर’ शिकवला तेव्हा तिने वहीत लिहिलं, सुशांत इज सिमिलर लाइक मी. मी ‘लाइक’ खोडून ‘टू’ केलं आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या लेव्हलला कशात सारखं तेही सांगायचं असतं. तिने लिहिलं, वी आर सिमिलर इन अवर लिटल फिंगर्स. बायका हसल्या. तिने हात वर करून दाखवला, करंगळी पार आत वळलेली. सुशांतचीही अश्शीच आहे, म्हणाली. काय कौतुक होतं चेहऱ्यावर.

ऑगस्टमध्ये ते जहाज बुडालं. दोन महिने शेवंती आली नाही. मग एका दुपारी थेट तिसऱ्या लेव्हलच्या बाकावर येऊन बसली. खरं सांगते, मला तिचा रागच आला. पोराचा पत्ता नाही आणि हिला इंग्रजी सुचतंय.

क्लास सुटल्यावर तिने एक पत्र पुढे ठेवलं. कंपनीने एका मृतदेहाचा फोटो पाठवून लेखी उत्तर मागितलं होतं. ओळख पटली तर घरी पाठवणार, नाही तर तिथेच पुरणार. तिने उत्तर लिहिलं होतं, द बॉडी इज सिमिलर टू माय सन, बट इट इज नॉट हिम.

सवयीने मी आधी चुका शोधल्या. एकही नव्हती. मग फोटो पाहिला. चेहरा उरलाच नव्हता. एक हात मात्र शाबूत होता, करंगळी आत वळलेली.

मी म्हटलं, “शेवंती, हा सुशांतच आहे गं. त्याला घरी आण.”

“घरी आणला की तो गेला, मॅडम,” ती म्हणाली. “वाक्य बरोबर आहे ना, तेवढं सांगा.”

लाल पेन माझ्या हातातच होतं. मी बरोबरची खूण केली.

महिन्याने तो मृतदेह पुरल्याचं पत्र आलं. ते तिने मला वाचून दाखवलं, कुठेही न अडखळता. मग घडी घालत म्हणाली, “कोणाचं पोर असेल हो. त्याची आई अजून वाट बघत असेल.”