कवितेच्या ओळी सोडणारी

वहिनीचं मौन रोज सकाळी प्रार्थनेनंतर सुरू व्हायचं, ते घड्याळात नऊ वाजेपर्यंत. तेवढ्या वेळात ती बोलायची नाही आणि लिहूनही काही सांगायची नाही. कागदावर बोलणं हेही बोलणंच, असं तिचं मत. घराला ते अंगवळणी पडलं होतं. पण आज नणंदेची परीक्षा होती आणि तिला पावणेनऊलाच निघायचं होतं.

नणंद इस्पितळात रात्रपाळीची मदतनीस. नोंदणीच्या खिडकीवरची दिवसाची जागा हवी, तर भाषेच्या पेपरात पास व्हायला हवं, आणि तो देण्याची ही शेवटची संधी होती. उताऱ्यावरच्या प्रश्नांत ती दर वेळी गटांगळ्या खायची.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरावाची प्रश्नपत्रिका पसरली होती. उतारा म्हणजे एका पाववालीची गोष्ट, आणि गोष्टीत मधेमधे कवितेच्या ओळी.

"नवरा दार ठोठावत असताना बाईने दार का उघडलं नाही?" नणंदेने प्रश्न वाचला. "ती रागावली होती, घाबरली होती, किल्ली हरवली होती, की पीठ फुगत होतं? सरळ आहे. रागावली होती. इतके दिवस तोंड न दाखवलेला नवरा. मी असते तर वर कडीही घातली असती."

"तुझं लग्न का जमत नाही ते आज कळलं," दादा म्हणाला. तो घड्याळजी, डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून चहा पीत होता.

"आणि पीठ फुगत होतं, हे काय कारण झालं? पेपर काढणारा उपाशी असणार."

वहिनीने नकारार्थी मान हलवली. ती मघापासून नणंदेचं बोट बघत होती. ते ओळीवरून भराभर धावायचं, कविता आली की डबकं ओलांडावं तसं उडी मारून पलीकडे जायचं. वहिनीने त्या डबक्यावर आपलं बोट ठेवलं.

"ते होय? ते मी सोडते," नणंद म्हणाली. "गोष्ट थांबते आणि गाणं लागतं. तेवढ्यात मी पुढे जाते."

दादाने बायकोकडे पाहिलं. "सांगून टाक की गं. एक दिवस मौन मोडलं तर देव काय रुसणार आहे?"

"खबरदार, वहिनी. मी नापास होईन ते होईनच, वर हे ओझं माझ्या डोक्यावर नको."

वहिनी हसली. तिने धुतलेल्या दोन ताटल्या पुसल्या आणि एक कवितेच्या वर, एक खाली, अशा ठेवून गोष्ट झाकून टाकली. आता नणंदेपुढे एवढंच उरलं:

*थांब जरा दाराशी, वारा शिरेल आत,*
*पीठ माझं फुगतंय उबेच्या कुशीत.*
*तुझ्याच वाटणीचा पाव आहे त्यात,*
*भाजून झाला की मग देईन हातात.*

नणंदेने ते वॉर्डातला तापाचा तक्ता वाचावा तसं वाचलं. वहिनीने टेबलावर बोटाने हळूहळू ठेका धरला. नणंदेने पुन्हा वाचलं, आणि या वेळी तिसऱ्या ओळीपाशी तिचा आवाज उतरला.

"ही रागावलेलीच नाही," ती म्हणाली. "रोज त्याच्या वाटणीचं पीठ मळत होती वेडी." तिने वरची ताटली उचलली. "आणि गोष्टीत बघ, नुसतं 'बाई भट्टीपाशी गप्प उभी राहिली.' बोलली ती सगळी इथे खाली."

"म्हणजे पेपर काढणारा जेवलेला होता," दादा म्हणाला.

दुपारी नणंद परतली ती दारातूनच बोलत. "पेपरात होडीवाल्याच्या मुलीची गोष्ट होती. मी आधी कविताच वाचल्या. मग त्या इतक्या आवडल्या की पुन्हा वाचत बसले, आणि निबंध निम्माच राहिला."

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "आणि कवितेवरचा प्रश्न?"

"हा भाग लेखिकेने कवितेत का लिहिला? मी लिहिलं, मुलीला ते बापाला सांगायचं होतं, पण त्याच्या तोंडावर सांगता येत नव्हतं. बरोबर आहे का गं?"

"मला तरी पटलं."

निकाल लागला तेव्हा निम्म्या निबंधाने घात होता होता राहिला होता.

"काठावर पास," दादा म्हणाला.

"काठावर म्हणजे पाण्याबाहेरच ना?" नणंदेने रात्रपाळीचा गणवेश होता तसाच परत करायच्या पिशवीत कोंबला.

वहिनीने तो हळूच बाहेर काढून बादलीत भिजवला. "धुऊन दे गं. आता तो दुसरी कोणीतरी घालणार."