चेंडू अलगद ठेवणारा रोबोट

मित्रांनो, माझी दोन चाकं काढून झालीत, तेव्हा जरा लवकर ऐका. मी तलासरीच्या शाळेतला एक रोबोट आहे. माझे भाग दुसऱ्या शाळांत वापरून झिजलेले, म्हणजे जन्मापासूनच मी जुना! एका संस्थेनं मला शाळेला उसनं दिलं होतं. डहाणूच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आलात तर रोबोट तुमचा, नाहीतर परत, अशी अट होती.

दहावीतल्या रविना आणि धनेशनं मला जोडलं. दोघांच्याही घरची माणसं घोलवडला चिकू तोडायला जातात. स्पर्धेत चेंडू उचलून उंच टोपलीत टाकायचे होते.

धनेश म्हणाला, "फेकूया ना! पटापट होतील."

रविना उसळली, "चिकू कोणी फेकतं का रे? आपटला का खराब. मग मालात धरतात का तो?"

धनेशला पटलं. त्याला घरी हेच ऐकवलेलं होतं. उमेश सर म्हणाले, "फेकलेला चेंडू चालतो का, ते आयोजकांना विचारून घ्या रे." पण स्पर्धेआधीच्या बैठकीत शहरातल्या शाळांसमोर तोंड कोण उघडणार? दोघं लाजली. मग त्यांनी मला चेंडू अलगद ठेवायला शिकवलं. अहो, काय शिकवलं! सर बघतच राहिले. मीही फुशारलो.

स्पर्धेत शेजारचा रोबोट धडाधड चेंडू फेकू लागला. चेंडू टोपलीत आपटत होते आणि पंच खुशाल मोजत होते!

"अरे फेक ना, फेक!" धनेश ओरडला.

कसा फेकणार? ते मला शिकवलंच नव्हतं. रविना रिमोट घट्ट धरून उभी होती. मी एकेक चेंडू ठेवत राहिलो आणि शिट्टी वाजली. आम्ही पाचवे आलो.

आता रविना माझे स्क्रू काढतेय. खोकं सकाळी जाणार. मला भीती वाटते, खूप वाटते. पण आत्ताच तिनं विचारलं, "सर, आमच्यासारख्यांनी नाव द्यायलाच नको होतं ना?" सर खोक्यावर संस्थेचा पत्ता लिहू लागले.

माझा आवाज तिला ऐकू जात नाही. मित्रांनो, तुमच्या पाया पडतो, मला कुठंही पाठवा, पण कोणीतरी तिला सांगा, "पोरी, एक गोष्ट विचारायची राहिली, एवढंच. तू परत नाव दे."

आत्ताच सांगा. तिनं बॅटरीला हात घातला...