कमरेच्या पट्ट्याची परीक्षा

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडही आहे. दूध उतू जाण्याआधी ओरडणारी चकती, नळ चालू राहिला की ठणाणा करणारी डबी, टाळी वाजवली की कपाटाखालून ओ देणारी किल्ली. शिवाय गॅस, धूर आणि उघडं दार यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रं वेगळीच. सगळी आमच्या ह्यांनी शोधलेली आणि सगळ्यांची रीतसर पेटंटं घेतलेली. पेटंट मिळालं की हे आठवडाभर हवेत असतात आणि मी जमिनीवर राहून घर चालवते.

सगळ्यात नवा शोध म्हणजे कमरेचा पट्टा. तो बांधलेला माणूस पडला, की दुसरीकडे ठेवलेली डबी वाजू लागते. हा मात्र ह्यांनी हौसेखातर केला नव्हता. माझ्या थोरल्या नणंदबाई एकट्या राहतात. मागे एकदा त्या पाय घसरून पडल्या आणि तेव्हापासून त्यांच्या मुलाने धोशा लावला, की घर विकायचं आणि परगावी त्याच्याकडे यायचं. नणंदबाईंचा जीव त्या घरात. शेवटी असं ठरलं, की त्यांनी पट्टा बांधून काही दिवस आमच्याकडे राहावं. पट्टा कामाचा निघाला तर डबी त्यांच्या शेजारणीकडे ठेवायची आणि त्यांनी आपल्या घरी राहायचं. नाही निघाला, तर भाचेबुवा म्हणतील तसं.

नणंदबाईंना भीतीपेक्षा कुतूहल जास्त. वाकले तर कळतं का? धपकन बसले तर फसतो का? हेही तसलेच. दोघं भावंडं दिवसभर त्या पट्ट्याला पेचात पकडायला बघायची आणि पट्टा काही दाद द्यायचा नाही. आता खरोखर पडून बघा, एवढंच काय ते म्हणायचं मी बाकी ठेवलं होतं.

मग एका सकाळी काहीतरी वाजू लागलं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. हे दुधाची चकती कानाला लावून बघायला लागले. चकती गप्प. नळ बंद, दारही बंद. आवाज काही थांबेना. "कोण वाजतंय?" असं हे विचारत होते आणि खरं सांगते, चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता, नुसती उत्सुकता होती. घाऊक घेतले तर स्वस्त पडतात म्हणून ह्यांनी सगळ्या यंत्रांना एकाच पिशवीतले बझर बसवलेले. आवाज सगळ्यांचा एकच. आम्ही दोघं शहाणी माणसं एकेका यंत्राला कान लावत घरभर फिरत होतो.

तेवढ्यात न्हाणीघरातून बादलीवर तांब्या बडवल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जाऊन बघतो तर नणंदबाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या, घोटा टम्म सुजलेला.

"बादलीचंही पेटंट घेऊन टाक," त्या भावाला म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. रडू येत होतं आणि ह्यांचा भयंकर राग येत होता.

हाड शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. हे एरवी थापा मारतील, पण यंत्राच्या बाबतीत कधी नाही. फोन स्पीकरवर ठेवून ह्यांनी बादलीसकट सगळं सांगितलं आणि पट्टा नापास झाला म्हणून कबूल केलं. नणंदबाईंनी फोन आपल्याकडे ओढला.

"पट्टा नापास नाही. मी पडल्याबरोबर डबी वाजली. तुझ्या मामाच्या घरात सगळंच वाजतं, म्हणून या दोघांना कळलं नाही. शेजारणीला लगेच कळेल. आमच्या दोघींकडे दुसरं काही वाजतच नाही रे. फोनसुद्धा."

पलीकडून भाचा म्हणाला, "बरं, राहा तू तुझ्या घरी. मामा, तसली एक डबी माझ्याकडेही वाजेल असं करता येईल का?"

ह्यांची कळी खुलली. का नाही येणार, म्हणत हे लगेच कागद-पेन्सिल शोधायला उठले. नणंदबाईंनी हात धरून त्यांना खाली बसवलं.

"आणि मी पडलेच नाही, तर?" त्यांनी मुलाला विचारलं. "तरी फोन करशील?"