दक्षिणेकडं तोंड

"यमाच्या दिशेला तोंड करून आपण जेवत न्हाई, अन् बॅटऱ्यांना तसं जेवायला बसवू?" कडूबानं फिटर बबलूला विचारलं.

केदारखेड्याच्या शिवारात कडूबाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत, अजून विजेचा खांब पोचलेला नाही. म्हणून त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, हट्टानं सोलरच्या पाट्या आणि चार बॅटऱ्या आणवल्या. तिला उबवणीचं यंत्र चालवायचं होतं. गावरान कोंबड्यांची साठ अंडी तिनं जमवली होती. एकवीस दिवस ऊब तुटता कामा नये.

"मामा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो," बबलू म्हणाला.

"तू मला सूर्य शिकवून राह्यला का? तो उगवतो कुठं?"

बबलूनं पाट्यांचा सांगाडा पूर्वेला तोंड करून अंगणात मांडला आणि गाडीला किक मारून गेला. शेजारच्या बांधावर मी उभा होतो. पोरगा बरोबर सांगत होता. मी ते वाचलेलं होतं. पण चाळीस वर्षं शाळेत शिकवूनही मला मोठ्या माणसांपुढं तोंड उघडायला जमलेलं नाही.

दुपार कलली की पाट्यांवर ऊन राहत नसे. तिसऱ्या दिवशी पहाटे यंत्र बंद पडलं. दुर्गाबाईनं अंडी गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवली.

"नारळ न्हाई फोडला आपण," असं म्हणून कडूबा नारळ आणायला केदारखेड्याला गेला.

दुर्गाबाई बांधावर आली. "गुरुजी, तुम्ही इतकी पुस्तकं वाचता. बबलू खोटं बोलला का?"

"तसं खरं आहे ते, पण..."

"तुमच्या पणनं अंडी उबणार हायती का? माझ्या मिरच्या घराच्या कोणत्या अंगाला वाळतात ते मला ठावं हाये. धरा तिकडून."

आम्ही सांगाडा दक्षिणेला फिरवला. चार वाजता बॅटऱ्यांचा दिवा हिरवा झाला.

अंधार पडताना कडूबा नारळ घेऊन आला. दिवा बघून म्हणाला, "बघ, नारळ आणला अन् भरल्या."

"चारलाच भरल्यात."

"मंग बराबर. चारलाच घेतला मी नारळ."

फिरवलेला सांगाडा त्याला दिसला. त्यानं नारळ त्याच्यापुढंच फोडला.

एकविसाव्या दिवशी एक्केचाळीस पिल्लं निघाली. ती बघायला आलेल्या माणसांना कडूबा सांगत होता, "पाट्यांचं तोंड दक्षिणेलाच लागतं. त्या बबलूला काय कळतंय? गुरुजी, हे पुस्तकात घावायचं न्हाई."

मी मान हलवली. सवयीनं.

दुर्गाबाईनं सगळ्यांची ताटं वाढली. कडूबाचा पाट तेवढा तिनं उचलून फिरवला आणि दक्षिणेला तोंड येईल असा मांडला.

"बसा," ती म्हणाली. "बॅटऱ्या भरल्या, तुमचंबी पोट भरंल."

कडूबानं पाटाकडं पाहिलं, माणसांकडं पाहिलं.

"मला भूक न्हाई," तो म्हणाला, आणि पिल्लांना दाणे टाकायला निघून गेला.